अर्धा किलो तिरफळं

सलवा, कुवेत
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

ती. आईंना विशाखाचा साष्टांग नमस्कार.

तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं असं प्रज्वल भाऊजींकडून कळलं. थेंब वेळेवर घालत जा आणि टीव्हीसमोरची खुर्ची थोडी मागे घ्या. आम्ही इकडे खुशाल. उन्हाळा एकदाचा सरला, आता खिडक्या उघड्या ठेवता येतात. स्वराला सहामाहीत गणितात बरे मार्क पडले. मराठीत किती पडले ते तुमच्यासारख्या निवृत्त शिक्षिकेला कळवण्यासारखं नाही. राजनचं साइटवरचं काम वाढलंय. माझे डबे चालू आहेत. रिग्गईत एकटी राहणारी आपल्याकडची सुतारकाम, प्लंबिंग करणारी मुलं आहेत ना, त्यांना माशाची आमटी मिळाली नाही तर सुट्टीचा शुक्रवार सुना जातो म्हणतात.

पत्र का, असं मनात येईल. फोन केला तर तुम्ही ‘नंतर बोलू’ म्हणून ठेवता, आणि व्हॉट्सॅपवर काही पाठवलं तर भाऊजी ते अख्ख्या घराला मोठ्याने वाचून दाखवतात. आमच्या शेजारची ताहिरा उद्या राजापूरला बहिणीच्या लग्नाला निघाली आहे. तिचा भाऊ अबरार कणकवलीला येऊन हे पाकीट तुमच्याच हातात देईल. तुम्हाला पत्र मिळालं की पेन्सिल घेऊन ऱ्हस्व-दीर्घ काढायची सवय आहे. खुशाल काढा. फक्त एकट्या असताना वाचा. हे मी तुमच्याच भल्यासाठी सांगते आहे.

तुळशीच्या लग्नाच्या संध्याकाळी तुम्ही जे बोललात ते मी ऐकलं. तुमचा फोन स्पीकरवर होता, आमचाही होता. अंगणात अर्धी वाडी जमलेली. राजनने भाऊजींच्या कानावर आधीच घातलं होतं की विशाखा घरात बिअर करते, इथे दारूला बंदी आहे, पकडलं तर तुरुंग आणि मग कायमचं परतीचं विमान. त्यावर तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, “शेवटी माडीवाल्याचीच मुलगी. रक्तातच आहे ते. मार्चनंतर स्वराला इकडे पाठवा, मी वाढवते तिला. आईचं काय करायचं ते मग बघू.”

आईचं काय करायचं! जशी काही मी माळ्यावरची मोडकी खाट.

मी तेव्हा एक अक्षर बोलले नाही. मला गप्प बसता येत नाही हे तुम्ही लग्न झाल्यापासून सांगत आला आहात. मग त्या दिवशीच का बसले, याचा विचार केलात का? नसेल केला तर करा. तोवर मी बाकीचं लिहिते.

आधी बाबांचं. लग्नात तुम्ही पाहुण्यांना सांगत होतात की व्याही नारळाचे व्यापारी आहेत. नारळाचे व्यापारी कसले? शिरोड्यात कुणालाही विचारा, बाबा माडावर चढून माडी काढायचे, परवाना घेऊन विकायचे, आणि त्यांच्या माडीत कधी कुणाला पाण्याचा थेंब सापडला नाही. माझी कॉलेजची फी त्या माडीतून गेली. हे मी कधी लपवलं नाही, तुम्ही लपवलंत. आता तुम्हीच ते अंगणात उभं राहून ओरडून सांगितलंत, तर एका अर्थी बरंच झालं.

आता बिअरचं. सुरुवात कुणी केली? तुमच्या मुलाने. ऑफिसातल्या मित्रांनी त्याला शिकवलं की दुकानात मिळणारं बिनदारूचं माल्टचं पेय आणायचं, त्यात साखर ओतायची, पावाचं यीस्ट टाकायचं आणि देवावर भरवसा ठेवायचा. तेही न धुतलेल्या कॅनमध्ये, बिन-एसीच्या न्हाणीघरात. एका दुपारी कॅन फुटला आणि स्वराचे शाळेचे बूट त्यात पोहले. वास असा की कुजलेला फणस परवडला. पण आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! राजनने केलं ते मित्रांचं वळण, मी केलं ते माझं रक्त.

मी भांडले, विचारा त्याला. पण चूक दिसली की माझे हात स्वस्थ राहत नाहीत. कॅनला नाक लावलं आणि लगेच कळलं, भांडं अस्वच्छ आणि जागा गरम. बाबा मडकी गवताच्या जाळावर उपडी धरायचे आणि मग आम्हा पोरांना हुंगायला द्यायचे. “मडक्याक कसलोच वास येता नये,” म्हणायचे. आला तर परत जाळावर. मी म्हटलं, करायचंच आहे ना, मग नीट करू. जव आणले, भिजवले, फडक्यात बांधून मोड आणले, वाळवून भरडले. नाचणीचं सत्त्व करतो तसंच, फक्त बाळाला भरवायच्या ऐवजी बापाला पाजायला.

मग हॉप. ही एका वेलीची फुलं, बिअरला कडूपणा आणि वास त्यांच्यामुळे येतो. इथल्या झाडपाल्याच्या दुकानात सुकलेली मिळतात, झोप येत नसेल तर काढ्याला, पण त्यांना जुन्या गादीचा वास. राजनचा इंग्रज साहेब कायमचा परत गेला तेव्हा त्याने याच्या हातात एक चंदेरी पाकीट कोंबलं. आत दाबून केलेल्या हिरव्या गोळ्या. सिट्रा नावाची जात. मी पाकीट उघडलं आणि आई, ओट्याशी कुणीतरी पपनस सोललं! पपनसामागे थोडा कच्च्या आंब्याचा चीक. या वाळूच्या गावात आल्यापासून इतकं हिरवं काही माझ्या नाकात शिरलं नव्हतं. मला रडू आलं, खोटं कशाला सांगू.

हा वास उकळला की उडून जातो. गॅस बंद केल्यावर गोळ्या घालायच्या आणि झाकण ठेवायचं. मला हे कुणी शिकवायला लागलं नाही. बांगड्याच्या आमटीत तिरफळं आपण कधी घालतो? शेवटी.

तिरफळांचं नाव काढलं, तेव्हा आता जानेवारी.

तुम्ही महिनाभर आमच्याकडे होतात. राजन साइटवरून उशिरा यायचा. मी सगळं लपवलं होतं, ते मोठं पातेलं डब्यांच्या आमटीचं म्हणून सांगितलं होतं. पण तुमच्या नाकापुढे कुणाचं चाललंय? एका संध्याकाळी मी गोळ्या घालून झाकण ठेवलं आणि वळले, तर तुम्ही मागे उभ्या. झाकण उचललंत, वाफेत तोंड घातलंत. मी म्हटलं, झालं, आता बाई बॅग भरते.

“संत्र्याचं काय गं हे?” तुम्ही विचारलंत.

मी म्हटलं, “बिअर आहे, आई.” बिअरच म्हटलं. काढा म्हटलं नाही, सरबत म्हटलं नाही. तुम्हाला फसवल्याचं पाप माझ्या माथी नाही.

तुम्ही परत वास घेतलात. मग खोलीत गेलात आणि गावाहून आणलेली तिरफळांची पुडी घेऊन आलात. “या वासाला तिरफळ शोभेल,” म्हणालात. “काळी बी काढून टाक, नुसती साल घे.” खलबत्त्यात ठेचलीत तुम्ही, पातेल्यात टाकलीत तुम्ही, आणि कमरेला पदर खोचून ढवळलंत तेही तुम्ही. ती बिअर राजनच्या मित्रांनी एका गुरुवारी प्यायली आणि खुळे झाले. ‘राजन, यू आर अ जीनियस!’ राजन मान तुकवून हसत होता, आणि खरी जीनियस आतल्या खोलीत जपमाळ ओढत बसली होती.

गणपतीनंतर गावाहून येणाऱ्या मुलाबरोबर तुम्ही खाऊ पाठवलात. लाडू, आमसुलं आणि अर्धा किलो तिरफळं. अर्धा किलो! आई, तिरफळ वजनाला किती हलकं असतं. अर्धा किलो म्हणजे उशी भरते. चार माणसांच्या आमटीला मूठभरही लागत नाहीत. कुठल्या आमटीसाठी पाठवलीत?

असू दे. ऑक्टोबरात बलदियाची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, माणसं आमची इमारत तपासायला आली. तळघरात कुणी चोरून खोल्या पाडल्यात का ते बघायचं होतं. आमच्या दाराशी आलीसुद्धा नाहीत. पण राजनने घाबरून तयार झालेली सगळी बिअर न्हाणीघरात ओतली. पाइप तुंबला आणि तळमजल्यापासून गच्चीपर्यंत पपनसाचा घमघमाट. रखवालदार गफूर विचारायला आला, तर राजन म्हणतो, बायकोने मुरंबा केला होता, बिघडला. बिघडला म्हणे! माझ्या हातचं काहीही बिघडलं नव्हतं, तरी त्याची कबुली माझ्या नावावर. त्यानंतर त्याने भाऊजींना फोन केला, आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे.

राजनची भीती खोटी नाही, हे मी मानते. या उन्हाळ्यात इथे विषारी दारूने माणसं गेली. ती दारू वेगळी, आपली वेगळी, पण पोलिसांना फरक समजावत कोण बसणार? आणि शिक्षा व्हायला दारू विषारी असावी लागत नाही. स्वराकडे बघून मी थांबले आहे. नीट वाचा, मी थांबले. मला कुणी थांबवलं नाही. पातेली घासून उन्हात वाळवली, त्यांत आता डब्यांचा भात शिजतो. पण थांबणं वेगळं आणि शरम वाटणं वेगळं. शरम मला वाटत नाही. चांगली वस्तू केली होती मी.

बाबांनाही सांगितलं. ते आता माडावर चढत नाहीत, गुडघे गेले. मला वाटलं ओरडतील. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “मडकी कशी धुतलंस?” मी सांगितलं. “बरा केलंस,” म्हणाले, “पण आता पुरे कर बाये, तो मुलूख आपलो नाय.” मी थांबले त्यात या वाक्याचाही वाटा आहे. माडीवाल्याचं रक्त असं बोलतं, आई.

आता जे लिहायचं मी मघापासून पुढे ढकलते आहे, ते.

त्या संध्याकाळी पातेल्यात तिरफळं पडल्यावर तुम्ही विचारलंत, “तयार झालेली आहे का गं थोडी?” आधीची एक बाटली होती. तुम्ही एक घोट घेतलात. डोळे मिटलेत. आणि आयुष्यभर वर्गात शुद्ध बोलणारी माझी सासू म्हणाली, “बरी लागता गो!”

मग रोज. राजन यायच्या आधी, स्वयंपाकघरात जमिनीवर, आपण दोघी भिंतीला टेकून. तुमचा अर्धा पेला, माझा अर्धा. स्वरा तिथेच टेबलावर अभ्यास करायची. एका संध्याकाळी तुम्ही म्हणालात, “तुझे सासरे रोज बसायचे. मी बर्फ फोडला, सुरमई तळली, सोडा ओतला. उभा जन्म ओतला. चव कशी असते हे मला कुणी विचारलं नाही, आणि मीही कधी कुणाला विचारलं नाही.” मग तुम्ही हसलात. अण्णा गेल्यानंतर, किंबहुना अण्णा असतानाही, मी तुम्हाला इतकं मोकळं हसताना पाहिलं नव्हतं. तुम्ही माझ्या बाबांबद्दल विचारलंत. वाऱ्यात माड हलतो तेव्हा भीती नाही का वाटायची त्यांना, म्हणून. “लग्नात मी त्यांच्याशी नीट बोललेच नाही,” म्हणालात. मला वाटलं, चला, एवढ्या वर्षांनी या घरात मला माझं माणूस मिळालं.

त्या माणसाने अंगणात उभं राहून माझं रक्त काढलं.

भाऊजी बोलले असते तर मी एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडलं असतं. राजनचं मी घरात बघून घेतलं असतं, घेतेही आहे. पण तुम्ही? तुम्हाला घाम फुटला असणार, मला कळतं. आपलं नाव बाहेर येईल म्हणून आधीच दुसऱ्याकडे बोट दाखवलंत. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून! रागाने लिहिते आहे, अक्षर बिघडलं तर त्याखाली पेन्सिल मारू नका.

आणि मी गप्प का बसले ते आता सांगते. तुम्ही फोनवर बोलत होतात तेव्हा राजन हॉलमध्ये फोनपाशी आणि आम्ही मायलेकी स्वयंपाकघराच्या दारात. रक्ताचं ऐकलं आणि स्वरा मोठ्याने म्हणाली, “बट आजी—”

मी तिच्या तोंडावर हात ठेवला.

घट्ट ठेवला, आई. पोरीचे डोळे मोठे झाले. मी तिच्या अंगाला कधी बोट लावलेलं नाही, आणि त्या दिवशी तुमची अब्रू वाचवायला माझ्या पोरीचं तोंड दाबून धरलं. नंतर ती मला म्हणाली, “आजी ड्रँक इट एव्हरी डे. व्हाय आर वी लाइंग फॉर हर?” बारा वर्षांची आहे ती. राजनला अजून काही माहीत नाही. ‘आईला धक्का बसला असेल’ म्हणत असतो. मी भिंतीकडे तोंड करून भाकऱ्या थापते.

स्वराच्या फोनमध्ये तुमचा एक फोटो होता. हातात पेला, वरच्या ओठावर फेस, आणि तुम्ही पोट धरून हसताय. तो एकदा घरच्या ग्रुपवर टाकला असता तर सगळा निकाल तिथेच लागला असता. मी तो पुसून टाकला. माझ्यासमोर तिला पुसायला लावला. हे पत्र म्हणजे धमकी आहे असं तुम्हाला वाटू नये म्हणून सांगते. माझ्याकडे आता पुरावा नाही. आहे तो फक्त तुमच्याकडे, तुमच्या तोंडात.

स्वरा कणकवलीला येणार नाही. भाऊजी तिच्या प्रवेशासाठी तिकडच्या शाळेत बोलून आलेत म्हणे, त्यांना सांगा जाऊन परत बोला म्हणून. राजनलाही मी सांगितलंय की पोरगी जिथे मी तिथे, तू शाळा सोडल्याच्या दाखल्यावर सही केलीस तर मी विमानतळावर उभी राहून गळा काढीन, मग बघू कोण कुणाला पाठवतंय. तो तुमच्या हो-नाहीची वाट बघतोय, नेहमीसारखी.

पुढच्या रविवारी वाडीत राखण आहे, राखणदाराचा वर्षाचा मान. सगळे जमतील. भाऊजी राखणदाराच्या दगडाला कोंबडा देतील, विडी ठेवतील आणि बाटली ओततील, आणि उरलेली बाटली पुरुषमंडळी प्रसाद म्हणून घेतील. त्या राखणदाराच्या रक्तात काय आहे, असं कुणी विचारत नाही. राखणदाराला सगळ्यांसाठी गाऱ्हाणं घालून झालं की आमचा फोन येईल, स्पीकरवर. माझ्या बाजूला स्वरा असेल. ती काही विचारणार नाही, मी तिला तसं सांगितलं आहे. ती फक्त ऐकेल.

तेव्हा सगळ्यांसमोर सांगा. फार नको. ‘मीही प्यायले, आणि मला आवडली,’ एवढं पुरे. माझी माफी मागू नका, मला ती नको. राजन चार दिवस तोंड लपवेल, भाऊजी आठवडाभर जेवणार नाहीत, वाडी महिनाभर बोलेल. तुम्ही सगळ्यांना पुरून उराल. चाळीस-चाळीस पोरांचा वर्ग एका नजरेने गप्प करणारी बाई तुम्ही.

आणि नाही बोललात, तर मीही कुणाला काही बोलणार नाही. तुमचं गुपित माझ्याबरोबर जाईल. पण स्वराच्या तोंडावर मी पुन्हा हात ठेवणार नाही. ती विचारेल तेव्हा तिला खरं तेच सांगेन. तुझी आजी प्रेमळ होती, हुशार होती, आणि घाबरट होती.

औषध चुकवू नका.

तुमच्या शेजारी बसून प्यायलेली,
विशाखा